कासव आणि हॅमस्टर यांच्या टाकीत मासे ठेवताना

चिंचवडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची एक टाकी होती. अॅक्वेरियमच्या दुकानात पाच मिलिमीटरच्या काचा सिलिकॉनने जोडून बनवतात तशीच ती बनवलेली होती, पण तिच्यात मासे कधीच नव्हते. आधी रेड इअर्ड स्लायडर जातीचे कासव होते. ते वाढत वाढत टाकीत मावेनासे झाले, तेव्हा ताईने ते कुठल्या तळ्यात न सोडता प्राण्यांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेकडे दिले. ही जात मूळची अमेरिकेतली असून जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या आक्रमक जातींच्या आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, यादीत तिचे नाव आहे, त्यामुळे तळ्यात न सोडण्याचा ताईचा निर्णय अगदी योग्यच होता. त्यानंतर भाच्यासाठी हॅमस्टर आला आणि त्याच टाकीत राहिला. हॅमस्टरचे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच असते. तो म्हातारा होऊन गेल्यावर टाकी माळ्यावर चढली, आणि मला फिश टँक घ्यायचा आहे हे कळताच ताई म्हणाली, “नवीन कशाला घेतेस? ही घेऊन जा. धुतली की झाली.”

घरात सगळ्यांचेच मत असे होते की काचेची टाकी ती काचेची टाकी, पाणी भरले की मासे सोडता येतात. मला मात्र काचेपेक्षा सांध्यांची काळजी होती. काच काही शोषून घेत नाही आणि घासली की स्वच्छ होते. काचा जोडणारे सिलिकॉन मात्र एक प्रकारचे रबर असते. ते वास धरते, काही रसायने आत मुरवून घेते आणि पुढे ती हळूहळू पाण्यात सोडू शकते. शिवाय भरलेल्या टाकीतल्या पाण्याचा दाब अखेर याच सांध्यांना पेलायचा असतो. त्यामुळे टाकी माळ्यावरून खाली काढण्याआधी मी ताईला तिचा पूर्वेतिहास खोदून खोदून विचारला. तिला ती उगाचची चिकित्सा वाटली असावी, पण पुढची निम्मी कामे त्या उत्तरांवरूनच ठरली.

पहिला प्रश्न होता कासवासाठी पाणी किती भरत असत, हा. “अर्ध्याहून कमीच गं. त्याला वर येऊन दगडावर बसायला जागा लागायची ना,” ताई म्हणाली. म्हणजे टाकीचा वरचा अर्धा भाग पाण्याला कधी सामोरा गेलेलाच नव्हता. दुसरा प्रश्न कीटकनाशकांचा होता. झुरळे, मुंग्या, गोचिडी यांच्यासाठी घरात जी फवारणी होते, तिच्यात बहुधा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्ये असतात. सस्तन प्राण्यांचे शरीर त्यांचे चटकन विघटन करते, म्हणून ती घरात वापरायला तुलनेने सुरक्षित मानली जातात. माशांना ते नीट जमत नाही, आणि कल्ल्यांवाटे ही द्रव्ये त्यांच्या शरीरात सहज शिरतात, त्यामुळे पाण्यातला अगदी नगण्य अंशही त्यांना मारक ठरतो. हॅमस्टर ज्या टाकीत सुखाने राहिला ती माशांनाही मानवेल, असे म्हणता येत नाही ते यामुळेच. ताईकडे पेस्ट कंट्रोल होत असे, पण त्या दिवशी हॅमस्टर टाकीसकट शेजाऱ्यांकडे मुक्कामाला जाई. फिनेलने फक्त फरशी पुसली जाई, टाकी आतून भांड्यांच्या साबणाने धुतली जाई. हॅमस्टरला किंवा कासवाला कधी अंगावरच्या किड्यांसाठी औषध फवारले होते का, असेही मी विचारले. तसे काही झालेले नव्हते. या उत्तरांपैकी एखादे जरी वेगळे आले असते, तरी मी ती टाकी झाडे लावायला घेतली असती, माशांसाठी नाही.

टाकी कोथरूडला आणल्यावर ती स्वयंपाकघरात न धुता न्हाणीघरात, हातमोजे घालून धुतली. कासवांच्या आणि इतर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि त्या प्राण्यांना स्वतःला त्याचा काहीच त्रास होत नाही. लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी आली. आमच्या टाकीतले कासव जाऊन काळ लोटला होता आणि कोरड्या काचेवर हे जिवाणू इतका काळ टिकण्याची शक्यता कमीच होती, तरी भाजीच्या सिंकमध्ये असली टाकी घासू नये हे माझे मत अजून कायम आहे.

काचेवर दोन प्रकारचे डाग होते. तळापासून साधारण पाच इंचांवर चारही बाजूंनी क्षाराची पांढरी रेषा गेलेली होती, ती कासवाच्या पाण्याची पातळी. एका कोपऱ्यात पिवळसर पांढरा, दगडासारखा कठीण थर होता, ती हॅमस्टरची ठरलेली जागा. हॅमस्टरच्या मूत्रात कॅल्शियम बरेच असते आणि ते वाळून काचेला घट्ट चिकटते. साबणाने यातले काहीच निघत नाही आणि माशांच्या टाकीला साबण लावायचाही नसतो, कारण त्याचा राहिलेला अंश कल्ल्यांना आणि माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत आवरणाला इजा करतो. ताईने पूर्वी वापरलेला साबण काढण्यासाठी आधी नुसत्या कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. नंतर जुन्या सुती कपड्याच्या पट्ट्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून डागांवर चिकटवून ठेवल्या. तासाभराने थर भुसभुशीत झाला आणि जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडून निघाला. कोपऱ्यातल्या थराला हाच उपचार पुन्हा करावा लागला. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्ताचे पाणीही चालते.

व्हिनेगर पूर्ण धुऊन टाकी वाळल्यावर निर्जंतुकीकरणासाठी घरगुती ब्लीच वीसपट पाण्यात मिसळून आतून लावले, पंधरा मिनिटे ठेवले आणि मग भरपूर पाण्याने धुतले. या दोन पायऱ्यांच्या मध्ये टाकी धुणे आणि वाळवणे हे टाळता येण्याजोगे काम नाही, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो धोकादायक ठरतो. हॅमस्टरच्या कोपऱ्यात अमोनियाचा अंश राहिला असता तर तोही ब्लीचशी जुळवून घेणारा नव्हता, म्हणून तो कोपरा आधी अगदी साफ होणे गरजेचे होते. शेवटी अॅक्वेरियमच्या दुकानात अँटी-क्लोरीन या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्याने टाकी विसळून उन्हात ठेवली. काच लखलखीत झाली. सांध्यांजवळ नाक नेले की मात्र हॅमस्टरचा वास अजून येत होता.

मग पाण्याची पहिली चाचणी घेतली. ती घरात नव्हे, गॅलरीत. फरशी सपाट आहे का हे पाणसळ लावून पाहिले, तिच्यावर थर्माकोलचा अखंड तक्ता ठेवला, त्यावर वर्तमानपत्राचे कागद आणि त्यावर टाकी. कागदाचा उपयोग असा की थेंबभर पाणी झिरपले तरी शाई आणि कागद ते लपवत नाहीत. एका दमात टाकी भरू नये. मी आधी कासवाच्या रेषेपर्यंत भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी कागद कोरडे होते. पुढच्या भरण्याला पाणी सात-आठ इंचांवर गेले आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातून अगदी बारीक ओल उतरू लागली. धार नव्हती, थेंबही नव्हता, नुसता ओला पट्टा, पण कागदावर त्याचा डाग तासाभरात हाताच्या पंजाएवढा झाला.

ओल त्याच उंचीवर का आली याचे कारण कोपरा नीट न्याहाळल्यावर समजले. हॅमस्टरला बिळे करायला आवडते म्हणून ताई टाकीत लाकडाच्या भुशाचा चांगला पाच इंचांचा थर घालत असे. त्या थरावर उभे राहून त्याचे दात जिथे पोहोचत, ती जागा कासवाच्या रेषेच्या बरोबर वर येत होती. कुरतडणाऱ्या प्राण्यांना कोपऱ्यातले मऊ सिलिकॉन म्हणजे दातांना आयते काम. एका कोपऱ्यात आतली कड जवळजवळ नाहीशी झालेली होती आणि बाकीच्या तीन कोपऱ्यांतही दातांच्या खुणा होत्या. कासवाच्या वेळी पाणी तिथवर गेले नाही आणि हॅमस्टरच्या वेळी पाणीच नव्हते, त्यामुळे ही झीज कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच आला नाही.

खालचा भाग कोरडा राहिला म्हणून तो निर्धोक, असेही मी मानले नाही. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. पाणी पाच इंच असताना समोरच्या दोन फुटी काचेवर एकूण सुमारे पाच किलो वजनाइतका जोर येतो, आणि तेच पाणी अकरा इंच केले की तो चोवीस किलोच्या आसपास जातो. उंची सव्वादोन पटीपेक्षा कमीच वाढते, पण जोर जवळजवळ पाचपट होतो, कारण तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वरचे पाणी वाढले की सर्वाधिक ताण तळाच्या सांध्यांवर येतो, आणि कासवाच्या काळात त्यांनी तो कधी सोसलेलाच नव्हता. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या किंवा हॅमस्टरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टाक्यांच्या काचा कित्येकदा पातळ असतात त्याचे कारणही हेच आहे. त्यांना पाणी पेलायचे नसते. आमच्या टाकीची काच मोजपट्टीने मोजली तेव्हा पाच मिलिमीटर भरली आणि काठांना कुठे टवका उडालेला नव्हता, म्हणून पुढचे कष्ट घ्यायचे ठरवले. एक फूट उंचीला ही जाडी पुरते. दीड फूट उंचीची टाकी असती तर मी एवढ्यावर विसंबले नसते.

सिलिकॉन आणायला गेले तेव्हा दुकानातल्या दादांनी सरळ उपाय सांगितला. “मॅडम, गळतंय तिथे वरून एक हात मारा, दुसऱ्या दिवशी पाणी भरा.” हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. वाळून पक्के झालेल्या जुन्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही. वरून लावलेला लेप काही आठवडे पाणी अडवतो, मग त्याच्या आणि जुन्या थराच्या मधून वाट निघते. आतली कड काढायची तर ती चारही उभ्या कोपऱ्यांतून आणि तळाच्या चारही बाजूंनी सलग काढावी लागते, कारण मध्येच सोडलेल्या जागी नवे आणि जुने यांचा जोड येतोच. हॅमस्टरचा वास धरून बसलेले सिलिकॉनही त्यानिमित्ताने निघून जाणार होते, त्यामुळे मला दोन्ही कारणांनी तेच हवे होते.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. टाकीत सिलिकॉन दोन ठिकाणी असते. एक, दोन काचांच्या कडांच्या मधला पातळ थर, जो काचांना एकमेकींशी जोडून ठेवतो. दुसरी, आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली कड, जी त्या थराचे रक्षण करते आणि पाणी अडवते. हॅमस्टरने कुरतडली होती ती दुसरी. पहिला थर बाहेरून काचेतून दिसतो. तो एकसारखा असेल तर ठीक, मध्ये चंदेरी चकाकणारे चट्टे किंवा रांगेने बुडबुडे दिसले तर तिथे काच सुटलेली आहे असे समजायचे. तसे झाल्यास नुसती कड बदलून भागत नाही, सगळ्या काचा सुट्या करून टाकी नव्याने जोडावी लागते. बॅटरीच्या उजेडात मी प्रत्येक सांधा बाहेरून पाहिला. मागच्या डाव्या कोपऱ्यात कडेला बोटभर लांबीचा एक फिकट चट्टा होता, पण तो पूर्ण जाडीत आरपार गेलेला नव्हता. तेवढ्यावर टाकी सोडवायची नाही, असे ठरवले.

कड काढण्याचे काम कंटाळवाणे आहे, आणि सगळ्या उद्योगात खरा वेळ तिथेच जातो. सपाट पात्याच्या स्क्रेपरने एका काचेला लागून एक चीर द्यायची, दुसऱ्या काचेला लागून दुसरी, म्हणजे मधली पट्टी ओढून निघते. पाते कोपऱ्यात खोल घुसवायचे नाही, नाहीतर जो थर वाचवायचा तोच कापला जातो. मोठी पट्टी निघाल्यावर काचेवर जी पातळ चिकट साय राहते ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र जाणवते. तिच्यावर नवे सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून नव्या पात्याने ती पुन्हा पुन्हा खरवडली आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसली. बोट फिरवल्यावर काच कुईकुई वाजली की ती स्वच्छ झाली असे समजावे.

सिलिकॉन निवडताना नळीवरचे बारीक अक्षर वाचणे हे अर्धे काम आहे. न्हाणीघरासाठी आणि सिंकसाठी मिळणाऱ्या बऱ्याच सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेले असते, म्हणून ते काळे पडत नाही. नेमके तेच माशांना घातक आहे. अॅक्वेरियमसाठीचे, बुरशीनाशक नसलेले आणि वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडणारे सिलिकॉन मी घेतले. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, गनने एका दमात ओळ सोडून, हातमोजा घातलेल्या बोटाने ती एकाच ओढीत दाबली आणि वर साय धरण्याआधी टेप सोडवली. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटांच्या वर सवड मिळत नाही, म्हणून मी तळ आणि कोपरे एकाच बैठकीत, पण ओळीने एकेक बाजू घेऊन केले. तळाची कड आणि उभी कड जिथे मिळतात त्या चार टोकांवर सिलिकॉन जरा जास्त भरले. ते दिसायला बेढब दिसते, त्याला माझा इलाज नव्हता.

नवे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्के होते, आणि बाहेरून आत या क्रमाने होते. वरून कोरडे लागले तरी जाड ठिकाणी आत ओलेच असते. पुण्यात उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने घाई अजिबात करू नये. मी आठवडाभर टाकीला हात लावला नाही, आणि आत तोंड घालून व्हिनेगरचा वास अजिबात येत नाही याची खात्री पटल्यावरच पुन्हा पाणी भरले. या वेळी पातळीवर काचेबाहेरून टेपची खूण केली, कारण गॅलरीतल्या उन्हात पाणी वाफेने उतरते आणि त्यालाच माणूस गळती समजतो. कागद कोरडा असताना पातळी उतरली तर ती वाफ. उलट पावसाळ्यात थंड पाण्याच्या टाकीला बाहेरून दव धरते आणि कागद ओला होतो, पण तो चारही बाजूंनी सारखाच ओला होतो, एकाच जागी नाही. अकरा इंच पाण्याने टाकी काही दिवस उभी राहिली आणि कागद शेवटपर्यंत सुके राहिले.

टाकी ठेवायची कुठे, हा प्रश्न कासवाच्या वेळी कोणाला पडलेला नव्हता, कारण तेव्हा ती टीपॉयवर होती. आता तिच्यात पंचेचाळीस ते पन्नास लिटर पाणी, नऊ किलोच्या आसपास काच आणि आठ-दहा किलो वाळू असे मिळून सत्तर किलोंच्या घरात वजन होणार होते. टीपॉयच्या मधोमध तेवढे वजन कायमचे ठेवले तर फळी वाकते, आणि फळी वाकली की तळाच्या काचेवर पीळ पडतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला, त्यावर प्लायवुड आणि त्यावर पुन्हा थर्माकोल. खरे सांगायचे तर या स्टँडला जेवढे पैसे लागले तेवढ्यात दोन फुटांची नवी कोरी टाकी सहज आली असती. जुनी टाकी वापरल्याने पैसे वाचतात असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. वाचते ती काच, आणि ती वाचवण्यात मला समाधान होते, एवढेच.

हॅमस्टरचे झाकण लोखंडी जाळीचे होते. जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. टाकीतली वाफ तिच्यावर जमून थेंब परत पाण्यात पडत राहिले तर जस्त आणि गंज दोन्ही उतरतात, आणि जस्त माशांना विषारी आहे. म्हणून जाळी काढून टाकली आणि काचेचे दोन तुकड्यांचे झाकण बनवून घेतले, ज्याच्या मागच्या बाजूला नळी आणि वायर जाण्यापुरती फट ठेवली. हॅमस्टरचे चाक, घर, भुसा यातले काहीच ठेवले नाही. कासवाचा बसायचा दगड मात्र मला हवा होता. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही, पण त्याच्या पोकळ्यांमध्ये कित्येकदा पांढरे कॅल्साइट भरलेले असते. त्या पांढऱ्या ठिपक्यांवर व्हिनेगरचा थेंब टाकला तर फसफसला, म्हणजे तो दगड पाण्याचा जडपणा हळूहळू वाढवत राहिला असता. तो कुंडीत गेला. तळाला दुकानातली बारीक वाळू, पाणी गढूळ येईनासे होईपर्यंत धुऊन घातली.

माशांसाठी सर्वांत महत्त्वाची तयारी नजरेला न दिसणारी आहे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पाणी बदलून काढता येते. पहिली दोन द्रव्ये विषारी आहेत. ब्लीचने धुतलेल्या टाकीत हे जिवाणू शून्य असतात. हॅमस्टरच्या टाकीत अमोनियाचा काही त्रास झाला नव्हता, कारण तिथला ओला भुसा बाहेर फेकला जाई. पाण्याला ती सोय नाही. मासे सोडून, त्यांच्या जिवावर जिवाणू वाढवण्याऐवजी मी नवसागर वापरला. कल्हईवाले भांड्याला लावतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला शुद्ध असेलच असे नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घेतला. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम विरघळवून ठेवले की पंचेचाळीस लिटरच्या टाकीत दर लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया आणण्यासाठी त्यातले अठ्ठावीस मिलिलिटर पुरते. तराजूवर पाव ग्रॅम तोलत बसण्यापेक्षा हे सोपे जाते.

एका ओळखीच्या काकांनी त्यांच्या जुन्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज डब्यातल्या पाण्यात बुडवून दिला, आणि तो मी माझ्या स्पंज फिल्टरशेजारी ठेवला. वाळलेला स्पंज निरुपयोगी असतो, त्यावरचे जिवाणू मरतात. नुसत्या नवसागरावर जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या स्पंजामुळे ते बरेच आधी झाले. थेंब घालून रंग पाहण्याच्या चाचणीत आधी अमोनिया उतरला, मग नायट्राइट चढत राहिले आणि शेवटी तेही शून्यावर आले. नवसागर घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्य येऊ लागले तेव्हा टाकी तयार झाली असे मानले, आणि साचलेले नायट्रेट काढण्यासाठी बरेचसे पाणी बदलले. पाणी महापालिकेच्या नळाचे वापरले, अँटी-क्लोरीन घालून. सोसायटीत उन्हाळ्यात येणारे टँकरचे किंवा बोअरचे पाणी फार जड असते, आणि त्याचा सामू (पीएच) आठच्या पुढे असेल तर अमोनियाचा विषारी भागही वाढतो. अठ्ठावीस अंश तापमानाला सामू सात असताना एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, तर सामू आठ झाल्यास तो सहा-सात टक्के होतो.

“मावशी, गोल्डफिश आण ना,” हा भाच्याचा आग्रह शेवटपर्यंत होता. गोल्डफिश वाढून वीतभर लांब होतो आणि घाणही भरपूर करतो. त्याला दोन फुटांची टाकी म्हणजे कासवाचीच कहाणी पुन्हा झाली असती. मिस केरळ म्हणून मिळणारा पश्चिम घाटातला देखणा मासा दुकानदाराने दाखवला, पण तोही मोठा होतो, आणि त्याची जात रानात धोक्यात आलेली आहे. मी झेब्रा डॅनिओ निवडले. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली वर्णन केलेला हा गंगेच्या खोऱ्यातला, चार सेंटिमीटरचा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो, आणि तो ज्या कारणांनी तिथे आवडता आहे त्यांतल्या एका कारणाने माझ्याही सोयीचा होता, ते म्हणजे त्याचा काटकपणा. अठरा अंशांपर्यंतचे पाणी तो सोसतो, त्यामुळे पुण्याच्या डिसेंबरात हीटरचा फारसा आधार लागत नाही. तो सतत आडवा पोहत असतो, म्हणून उंच टाकीपेक्षा लांब टाकी त्याला मानवते. उडी मात्र चांगली मारतो, आणि झाकणाच्या मागची फट मी स्पंजाच्या पट्टीने बुजवली ती त्यामुळेच. आधी चार मासे सोडले, पाण्याच्या चाचण्या आठवडाभर शून्य आल्यावर आणखी चार. व्हॅलिस्नेरियाची रोपे मागच्या बाजूला लावली, त्यामुळे तो दुरुस्त केलेला कोपरा आता बाहेरून दिसत नाही. शेवाळ काढताना मात्र मी धारदार पाते कोपऱ्यांपासून दोन बोटे लांबच थांबवते आणि तिथे नुसता स्पंज वापरते. तो फिकट चट्टा वाढतो आहे का हे पाणी बदलताना बाहेरून पाहण्याची सवय लावून घेतली आहे. अजून तो होता तेवढाच आहे.

ही टाकी पाहून ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडचे रिकामे टेरॅरियम, म्हणजे जमिनीवरचे प्राणी ठेवायची काचेची पेटी, माशांसाठी चालेल का, असे विचारले. त्यात पूर्वी पाळीव सरडा होता. काच उत्तम होती, माझ्या टाकीपेक्षा कितीतरी देखणी. पण पुढच्या बाजूला सरकती दारे होती, दारांच्या खाली हवेसाठी जाळीची पट्टी होती, आणि तळाला जेमतेम चार इंच उंचीची सलग काच होती. तिच्या वर पाणी भरण्याची ती रचनाच नाही, आणि दारांच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या तरी दाराची काच तो दाब सोसण्याच्या जाडीची नव्हती. “मग चार इंचच भरू,” ते म्हणाले. तेव्हा मी त्यांनाही ताईला विचारलेले प्रश्न विचारले. सरड्याच्या अंगावर गोचिडी झाल्या होत्या आणि संपूर्ण टेरॅरियम परमेथ्रिन या पायरेथ्रॉइड वर्गातल्याच कीटकनाशकाच्या फवाऱ्याने एकदा नव्हे, बऱ्याचदा धुतले गेले होते. सिलिकॉनमध्ये मुरलेले परमेथ्रिन किती आहे आणि ते कधी संपेल हे घरी मोजता येत नाही. त्यांना मी त्यात नेचे आणि मनीप्लँट लावायला सांगितले, आणि झाडांबरोबर हौसेने गोगलगाय किंवा बेडूक ठेवण्याचा विचार असेल तर तोही सोडून द्या, असे बजावले.